भाषांतर केले म्हणजे लेखन आपले होते का? जयपूरच्या ग्रंथांवरून वाङ्मयचौर्य आणि श्रेयनिर्देश

'वाङ्मयचौर्य' हा शब्द वर्गात उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. संगणकावर मजकूर निवडायचा, उचलायचा आणि आपल्या प्रकल्पात चिकटवायचा. हे चूक आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी फार वेळ घेणार नाही. या पाठात मला बोलायचे आहे ते भारतीय भाषांतून शिकणाऱ्या आणि लिहिणाऱ्यांच्या वाट्याला अधिक येणाऱ्या एका प्रश्नाविषयी. समजा, तुम्ही इंग्रजी पुस्तकातला एक उतारा वाचलात, दोनदा वाचून समजून घेतलात आणि शब्दकोश बाजूला ठेवून मेहनतीने मराठीत उतरवलात. आता त्यातला प्रत्येक शब्द तुमचा आहे. तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही तो बहुधा कुठे सापडणार नाही. मग हे लेखन तुमचे का म्हणायचे नाही?

हा प्रश्न मला विद्यार्थी अनेकदा विचारतात आणि तो प्रामाणिक असतो. भाषांतराचे कष्ट खोटे नसतात. म्हणून त्याचे उत्तर नियमावलीतून देण्याऐवजी आपण आधी तीनशे वर्षांपूर्वीच्या जयपूरला जाऊ.

रेखागणित

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) हा आमेरचा राजा. त्याने १७२७ मध्ये जयपूर शहर वसवले, आणि दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन व वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. जयपूरचा जंतरमंतर तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. ती दगडी यंत्रे सर्वांना दिसतात, त्यांच्यामागचे ग्रंथांचे काम दिसत नाही. अरबी, फारसी आणि युरोपीय ग्रंथ मिळवायचे, जाणकारांकडून त्यांची संस्कृतात भाषांतरे करवून घ्यायची, हा या राजाचा अनेक वर्षांचा उद्योग होता. त्याच्या पदरचा प्रमुख गणिती म्हणजे जगन्नाथ सम्राट. तो मूळचा महाराष्ट्रीय, असे परंपरा सांगते. ('रसगंगाधर' लिहिणारा जगन्नाथ पंडित वेगळा. तो शहाजहानच्या काळातला आणि तेलंग. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या दोघांची हमखास गल्लत होते.)

जयपूर वसण्याच्या आधी, १७१८ च्या सुमारास, जगन्नाथाने 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आपण शाळेत शिकतो ती युक्लिडची भूमिती पहिल्यांदाच सविस्तर संस्कृतात आली ती या ग्रंथातून. जगन्नाथाने मूळ ग्रीक ग्रंथावरून काम केले नाही. नसीरुद्दीन तुसी या इराणी विद्वानाने १२४८ मध्ये युक्लिडची जी अरबी आवृत्ती तयार केली होती, तिच्यावरून हे भाषांतर झाले.

आता ग्रंथाच्या आरंभीचे श्लोक काय सांगतात ते पाहा. हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, मध्यंतरी लुप्त झाले, आणि महाराज जयसिंहाच्या आज्ञेवरून मी ते पुन्हा प्रकाशात आणले, असा त्यांचा आशय आहे. या श्लोकांत युक्लिडचे नाव नाही, तुसीचे नाही, अरबी भाषेचाही उल्लेख नाही.

तरीही मूळ लपले नाही. एक तर ग्रंथातील सिद्धान्तांना 'शकल' म्हटले आहे. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा. भूमितीच्या सिद्धान्ताला तुकडा का म्हणावे? कारण अरबीत आकृतीला आणि सिद्धान्तालाही 'शक्ल' म्हणतात, आणि तोच शब्द कानाला जुळणारे संस्कृत रूप घेऊन आला. दुसरे म्हणजे आकृत्यांमधील बिंदूंची नावे. ती अ, ब, ज, द, ह, व, झ अशा क्रमाने येतात. हा क्रम देवनागरी वर्णमालेचा नाही, अरबी 'अबजद' क्रमाचा आहे. (यावरून आपल्या भाषेतली एक गंमत आठवते. मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या 'त्रिकोण अबक' आणि 'चौकोन अबकड' शिकवले गेले. अ, ब, यांच्यानंतर क आणि ड कुठून आले? इंग्रजी ए, बी, सी, डी वरून. आपल्या जुन्या भूमितीच्या पुस्तकांनीही आपले मूळ असे नकळत सांगून ठेवले आहे.)

तिसरी खूण मला सर्वांत आवडते. रेखागणितात पंधरा अध्याय आणि एकूण ४७८ शकले आहेत. युक्लिडचे स्वतःचे अध्याय तेराच आहेत, शेवटचे दोन नंतर जोडलेले. तुसीने आपल्या प्रस्तावनेत हे स्पष्ट लिहिले आहे. अल-हज्जाज याच्या जुन्या अरबी भाषांतरात ४६८ सिद्धान्त आहेत आणि साबित इब्न कुर्रा याच्या भाषांतरात आणखी दहा आहेत, हेही तो सांगतो. दोन्हींची बेरीज करा. ४७८.

तुसीकडे जरा अधिक लक्ष द्या. त्याने ग्रंथाच्या नावातच युक्लिडला ठेवले आहे. आपल्या हाताशी कोणती दोन भाषांतरे आहेत, त्यांत किती फरक आहे, हे नोंदवले आहे. जिथे दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत तिथे ते वेगळ्या रंगांच्या शाईने दाखवण्याची व्यवस्था केली आहे. तेराव्या शतकातली ही तळटीपच म्हणायची. मी पदवीच्या वर्गासमोर श्रेयनिर्देशाचा नमुना म्हणून आजच्या एखाद्या शोधनिबंधापेक्षा तुसीची ही प्रस्तावना ठेवणे अधिक पसंत करतो.

त्याच लेखकाचा दुसरा ग्रंथ

जगन्नाथाला चोर ठरवण्यासाठी मी हे सांगितलेले नाही. शास्त्राचा उगम देवापाशी नेऊन ठेवणे ही संस्कृत ग्रंथांची जुनी रीत आहे आणि ती वाचणाऱ्यांनाही ठाऊक होती. शिवाय त्याने 'हे मी रचले' असा दावा केलेला नाही, 'प्रकाशित केले' एवढेच म्हटले आहे. आजचे नियम अठराव्या शतकावर लादून निकाल देणे सोपे असते, त्यातून शिकायला काही मिळत नाही.

शिकायला मिळते ते त्याच्या दुसऱ्या ग्रंथाशी तुलना केल्यावर. १७३२ च्या सुमारास, म्हणजे जयपूर वसल्यानंतर, जगन्नाथाने 'सम्राट्सिद्धान्त' लिहिला. हे टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे संस्कृत रूप, आणि याही वेळी हाताशी होती ती तुसीचीच अरबी आवृत्ती. मात्र येथे आरंभीच तो सांगतो की अरबी भाषेत 'मिजास्ती' नावाचा ग्रंथ आहे आणि गणकांना सहज समजावा म्हणून तो संस्कृतात आणला आहे. टॉलेमीचा ग्रंथ अरबी जगात ज्या नावाने प्रसिद्ध होता तेच हे नाव.

लेखक एक, राजा एक, मूळ भाषा एक, काम एकाच प्रकारचे. एका ग्रंथात मूळ सांगितले, दुसऱ्यात सांगितले नाही. दोन्हीकडे कष्ट सारखेच होते, दोन्हीकडे संस्कृत शब्द जगन्नाथाचेच होते. फरक वाचकाच्या वाट्याला आला. सम्राट्सिद्धान्त वाचणाऱ्याला एखादी आकृती खटकली तर कोणती पोथी उघडायची हे त्या एका श्लोकाने कळते. रेखागणिताच्या वाचकाला तो रस्ता मिळत नाही. त्याला वाटेल की हे प्राचीन भारतीय शिल्पशास्त्र आहे, ते कुठे तरी हरवले होते, आणि तो चुकीच्या जागी त्याचा शोध घेत बसेल. १९०१–०२ मध्ये मुंबई संस्कृत मालेत कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी रेखागणिताची संपादित आवृत्ती काढली, तेव्हा मूळ कोणते हे प्रस्तावनेत पुराव्यानिशी मांडावे लागले. मूळ लेखकाने जे एका ओळीत सांगितले असते त्यासाठी सुमारे एकशे ऐंशी वर्षांनंतरच्या संपादकाला मेहनत करावी लागली.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. भाषांतरातले शब्द तुमचे असतात; युक्तिवाद, पुरावे, मांडणी आणि चुका मूळ लेखकाच्या असतात. वाचकाला यांतले काय कोणाचे हे कळले पाहिजे. 'ती फुलराणी' पाहताना पु. ल. देशपांडे यांची मराठी आपण मनसोक्त उपभोगतो आणि कथानक बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चे आहे हेही आपल्याला माहीत असते. त्यामुळे पुलंचे काही कमी होत नाही.

आकड्यांची उसनवारी

जयसिंहाच्या दरबारातला तिसरा ग्रंथ फारसीतला. त्याचे नाव 'झीज-ए-मुहम्मदशाही', मुघल बादशहा मुहम्मदशाह याच्या नावे केलेली ग्रहगणिताची कोष्टके. येथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि तुमच्या प्रयोगवहीच्या अधिक जवळची.

जयसिंहाने मनुएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्र्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला पाठवली होती. परतताना त्यांच्यामार्फत युरोपातली ज्योतिषकोष्टके जयपूरला पोचली. त्यांत फ्रेंच ज्योतिर्विद ला इर याची कोष्टके होती. झीजच्या प्रस्तावनेत हे सांगितले आहे. ला इरचे नाव आहे. त्याच्या कोष्टकांवरून काढलेले चंद्राचे स्थान प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहिले तेव्हा अर्ध्या अंशाची तफावत निघाली, अशी टीकाही आहे. उल्लेख झाला, तारीफ नाही तरी नाव तर घेतले. मग आणखी काय हवे?

१९८४ मध्ये रेमंड मर्सिअर या अभ्यासकाने झीजमधील आकड्यांचे गणित उलट दिशेने करून पाहिले. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची कोष्टके ला इरच्या कोष्टकांवरूनच घेतली आहेत, फक्त कालगणना आणि स्थळ बदलले आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे ज्याच्या चुका दाखवण्यासाठी नाव घेतले, त्याचेच आकडे पुढच्या पानांवर होते, आणि तसे तिथे म्हटलेले नव्हते.

विज्ञान, वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. उसनवारी केवळ वाक्यांची होत नसते. मित्राच्या वहीतले वाचन दशांश बदलून उतरवणे, सरकारी अहवालातला तक्ता स्तंभांचा क्रम बदलून देणे, दुसऱ्याचा आलेख नव्या रंगांत काढणे, दुसऱ्याने लिहिलेल्या संगणकप्रणालीतली चलांची नावे बदलणे, हे सारे त्याच जातीचे आहे. आकड्यांना त्यांच्या मूळ मालकाच्या सवयी चिकटलेल्या असतात आणि कुणी तरी कधी तरी ते गणित उलटे करून पाहते.

आणखी एक गोष्ट. प्रस्तावनेत किंवा शेवटच्या यादीत एखाद्या पुस्तकाचे नाव टाकले की आपण मोकळे झालो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. मी तपासलेल्या प्रकल्पांपैकी कितीतरी प्रकल्पांच्या शेवटी पंधरा पुस्तकांची देखणी यादी असते आणि आतल्या चाळीस पानांत एकदाही कोणाचा निर्देश नसतो. अशा यादीवरून मला एवढेच कळते की ही पुस्तके जगात आहेत. कोणत्या पानावरची कोणती गोष्ट कुठून आली हे त्या जागीच सांगितले पाहिजे.

एक वाक्य, चार विद्यार्थी

आता प्रत्यक्ष लिहिताना काय करायचे ते पाहू. उदाहरण म्हणून याच पाठातली दोन वाक्ये घेऊ: 'हा क्रम देवनागरी वर्णमालेचा नाही, अरबी अबजद क्रमाचा आहे. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा.' समजा, चार विद्यार्थ्यांनी ती आपल्या प्रकल्पात वापरली.

पहिल्याने ती जशीच्या तशी घेतली आणि काही सांगितले नाही. यावर बोलायचे कारण नाही.

दुसरीने लिहिले: 'हा अनुक्रम नागरी वर्णमालेतला नसून अरबी अबजद अनुक्रमातला आहे. संस्कृत भाषेत शकल याचा अर्थ खंड.' तिने मेहनत घेतली आहे, शब्दही बदलले आहेत. पण वाक्यांचा सांगाडा तसाच आहे, क्रम तोच आहे, आणि निर्देश नाही. विद्यार्थ्यांच्या लेखनात हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि करणाऱ्याला बहुतेक वेळा आपण काही गैर करतो आहोत असे वाटतही नाही. शाळेत 'स्वतःच्या शब्दांत लिहा' या सूचनेचा अर्थ आपण समानार्थी शब्द घालणे असा करून घेतला, त्याचे हे फळ. संगणकावर शब्द बदलून देणाऱ्या सोयी वापरल्या तरी परिणाम हाच, उलट भाषा आणखी बिघडते.

तिसऱ्याने वाक्ये अवतरणचिन्हांत घातली आणि पाठाचे नाव दिले. हे योग्य आहे. मात्र प्रत्येक परिच्छेदात अशी अवतरणे येऊ लागली तर प्रकल्प तुमचा राहत नाही, संकलन होते. मूळ शब्दच महत्त्वाचे असतील, उदाहरणार्थ कायद्यातली व्याख्या किंवा कवितेतली ओळ, तर अवतरण द्यावे.

चौथीने पाठ मिटला आणि स्वतःशी विचार केला की यातून मला नेमके काय हवे आहे. मग तिने लिहिले: 'रेखागणिताच्या प्रस्तावनेत अरबी मूळ सांगितलेले नसले तरी ग्रंथाची परिभाषा आणि आकृत्यांतील अक्षरांचा क्रम ते उघड करतात, असे या विषयावरील पाठात दाखवले आहे.' आणि तळाशी पाठाचा निर्देश केला. येथे वाक्याची घडण तिची आहे, मुद्दा तिच्या युक्तिवादात बसला आहे आणि श्रेय ज्याचे त्याला मिळाले आहे.

पाठ मिटला, हे मी उगाच लिहिले नाही. पुस्तक उघडे ठेवून लिहिले की हात दुसरीच्याच वाटेने जातो.

न पाहिलेले पुस्तक

चौथीपुढे अजून एक प्रश्न आहे. तिने तळटिपेत थेट त्रिवेदी यांच्या १९०१–०२ च्या आवृत्तीचे नाव घालावे का? ते अधिक वजनदार दिसेल. पण तिने ती आवृत्ती पाहिलेली नाही. पाहिलेला आहे तो हा पाठ. न वाचलेल्या ग्रंथाचा निर्देश वाचल्यासारखा करणे हीसुद्धा अप्रामाणिकता आहे, आणि त्यात धोकाही आहे: माझ्या हातून वर्ष लिहिताना चूक झाली असेल तर ती आता तिच्या नावावर जाईल. 'त्रिवेदी, अमुक पाठात उल्लेखिलेले' असे लिहिणे हा सरळ मार्ग. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ग्रंथालयात जाऊन ती आवृत्ती काढणे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' (१८९६) हा मराठी ग्रंथ या दृष्टीने चाळून पाहावा. आपण कोणती पोथी कोणत्या संग्रहात पाहिली, कोणती गोष्ट दुसऱ्याच्या आधाराने सांगतो आहोत, हे दीक्षित जागोजाग नोंदवत जातात. त्यांना कोणतेही सॉफ्टवेअर तपासणार नव्हते.

निर्देशाच्या पद्धती अनेक आहेत आणि तुमचा विभाग जी सांगेल ती पाळावी. मराठी प्रबंधांत सहसा आडनाव आधी येते: दीक्षित, शंकर बाळकृष्ण, मग ग्रंथाचे नाव, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठ. लागोपाठ तोच ग्रंथ, तेच पृष्ठ आले तर 'तत्रैव', मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेल्यावर पुन्हा पहिला आला तर 'उनि', म्हणजे उपरिनिर्दिष्ट. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर विद्यार्थी फार घाबरतात. स्वल्पविराम चुकला तर मार्गदर्शक तो दुरुस्त करतील. स्रोतच गाळला तर दुरुस्त करायला त्यांच्याकडे काही नसते. मजकूर तुम्ही स्वतः भाषांतरित केला असेल तर 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' एवढे तीन शब्द जोडा. त्यात तुमच्या कष्टांचे श्रेयही तुम्हाला मिळते.

मराठी विश्वकोशातील नोंद वापरत असाल तर नोंदीच्या शेवटी तिच्या लेखकाचे नाव असते, ते द्या. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. तो मोफत वापरता येतो, पण श्रेय देणे ही त्या परवान्याचीच अट आहे. 'मुक्त' याचा अर्थ बेवारशी असा होत नाही. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत मात्र एक जास्तीची अडचण आहे: ते साधन जे सांगते त्यामागचा खरा स्रोत ते दाखवेलच असे नाही, आणि कधी कधी अस्तित्वात नसलेले ग्रंथही सांगते. वापरण्याची परवानगी असेल तर वापर नोंदवा, आणि त्याने सांगितलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय लिहू नका.

ज्या गोष्टी सर्वमान्य आहेत त्यांना निर्देश लागत नाही. जयपूर १७२७ मध्ये वसले, हे कोणत्याही संदर्भग्रंथात सापडते. झीजमधील कोष्टके ला इरची आहेत, हा मात्र एका विशिष्ट अभ्यासकाचा निष्कर्ष आहे आणि त्याचे नाव घेतलेच पाहिजे. शंका असेल तेव्हा निर्देश करावा.

एक अहवाल

तुम्ही म्हणाल, जुन्या पोथ्यांचे ठीक, पण आज एखादा परिच्छेद बिननावाचा राहिला तर बिघडते काय? २००५ मध्ये केंद्र सरकारने पेटंट कायद्यातील काही प्रश्नांवर डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. औषधांच्या पेटंटवर भारताने किती मर्यादा घालाव्यात, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. म्हणजे औषधांच्या किमतींचा प्रश्न. डिसेंबर २००६ मध्ये अहवाल सादर झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत उघड झाले की अहवालातला निर्णायक भाग शमनाद बशीर या कायदेपंडितांच्या निबंधातून जवळजवळ शब्दशः आला आहे आणि तसा निर्देश नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये डॉ. माशेलकर यांनी तांत्रिक त्रुटींचे कारण देऊन अहवाल मागे घेतला. सुधारित अहवाल २००९ मध्ये आला.

बशीर यांचा निबंध ज्या अभ्यासाचा भाग होता त्याला संशोधन करणाऱ्या औषधकंपन्यांच्या एका संघटनेचे अर्थसाहाय्य होते. स्वतः बशीर यांनी ते लपवले नव्हते. पण वाक्ये अहवालात बिननावाने आली तेव्हा त्यांच्यासोबतची ही माहिती गळून पडली. स्वतंत्र तज्ज्ञांचे मत म्हणून जे वाचले जात होते त्यामागे कोणाचा अभ्यास आहे, हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच राहिला नाही. सुधारित अहवालातही मूळ निष्कर्ष कायम राहिला, म्हणजे युक्तिवाद कदाचित बरोबरही असेल. पण मधल्या दोन वर्षांत चर्चा औषधांवर होण्याऐवजी परिच्छेदांवर झाली.

नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक प्रामाणिकपणा आणि वाङ्मयचौर्यास प्रतिबंध याविषयीचे विनियम लागू केले. त्यांतली टक्केवारी तुम्ही ऐकली असेल. १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असल्यास ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणी रद्द. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणे, आणि सर्वसामान्य ज्ञानातले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य यांत मोजत नाहीत.

यावरून दोन गैरसमज पसरले आहेत. एक असा की ही टक्केवारी पदवीच्या गृहपाठालाही लागू आहे. विनियमांनी प्रबंध, शोधनिबंध, पुस्तके यांचा विचार केला आहे. गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. तुमच्या प्रकल्पाला तुमच्या महाविद्यालयाचे नियम लागू होतात, आणि ते अधिक कडक असू शकतात. दुसरा गैरसमज जास्त घातक: १० टक्के उचलायला परवानगी आहे. सॉफ्टवेअर साम्य मोजते, चोरी मोजत नाही. त्याच विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून सादर करणे अशी आहे, तिच्यात टक्का नाही. इंग्रजीतून मराठीत आणलेला सबंध प्रकरणाएवढा मजकूर शून्य टक्के साम्य दाखवू शकतो. रेखागणित अशा यंत्रातून घातले असते तर तेही शून्यच आले असते.

कॉपीराइट ही वेगळी बाब. १९५७ च्या कायद्यानुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो, आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. युक्लिडचा तर कधी नव्हताच. श्रेय देण्याची जबाबदारी मात्र वर्षे मोजून संपत नाही.

टिपणे काढताना

बहुतेक वाङ्मयचौर्य सादरीकरणाच्या आदल्या रात्री घडते, पण त्याचे बीज दोन महिने आधीच्या टिपणांत असते. पुस्तकातले वाक्य वहीत उतरवले, चिन्ह केले नाही, पान लिहिले नाही, आणि नंतर ते आपलेच वाटू लागले. म्हणून वहीत तीन खुणा ठरवून घ्या. शब्दशः उतरवलेल्या मजकुराला अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक. सारांश किंवा भाषांतर असेल तर समासात 'सा' किंवा 'भा' आणि तोच पृष्ठक्रमांक. स्वतःच्या विचारांना 'मी'. मोबाइलवर पानाचे छायाचित्र घेत असाल तर त्याआधी पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र घ्या. दोन महिन्यांनी नुसत्या पानावरून पुस्तक ओळखता येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एका लेखासाठी काढलेल्या अशाच टिपणातला एक चांगला परिच्छेद माझा की वाचलेला, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. तो काढून टाकला आणि लेख तेवढ्या जागी लंगडा राहिला.

तुमच्या प्रकल्पात असे एखादे वाक्य आता सापडले, तर आधी त्यातले दोन वेगळे शब्द घेऊन इंग्रजी आणि मराठी दोन्हींत शोध घ्या. सापडले तर निर्देश करा. सापडले नाही तर वाक्य काढा, किंवा मार्गदर्शकांना दाखवा. प्रकल्प आधीच सादर केला असेल तरी सांगा. मूल्यमापनाच्या आधी स्वतःहून दिलेली दुरुस्ती आणि नंतर पकडलेली चूक यांत कोणताही शिक्षक फरक करतो. या पाठातले काही वापरायचे असेल तर खुशाल वापरा, पाठाचे नाव आणि तुम्ही तो पाहिल्याचा दिनांक द्या, आणि अबजद क्रमाचा मुद्दा घेणार असाल तर त्रिवेदी यांची आवृत्ती काढून आकृत्या एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.